कुणी न सांगितलेला बंट

सर,

जयभीम करत न्हाई आज. तुम्ही होतात तेव्हाही शेवटची दोन वर्षं मी तो तोंडातल्या तोंडात करायचे, आणि तुम्ही तो पोचल्यासारखी मान हलवायचात. तुम्हाला जाऊन आता पंधरा वर्षं होत आली. मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. पण जिवंतपणी तुमच्याबद्दल वाईट बोलायची गावात कुणाची टाप नव्हती, मंग माणसानं बोलायचं तरी कधी? म्हणून आज बोलते. शाळेच्या खेळाच्या खोलीत बसले आहे. दुपारची सुट्टी संपली, पोरी वर्गात गेल्या, आणि माझ्यासमोर टेबलावर सोळा पोरींची यादी आहे. राज्याच्या स्पर्धेला जाणारी बेसबॉलची टीम. पाचच्या आत ती ऑनलाईन भरायची. काल आमच्या संस्थेच्या अध्यक्षांचा फोन आल्ता, त्यांच्या साडूच्या पोरीचं नाव यादीत बसवा म्हणून. सोळाच्या काही सतरा होत न्हाईत, म्हणजे खेळणाऱ्यांतली एक काढायची. कोणती काढायची ते अध्यक्ष सांगत न्हाईत, तेवढं मॅडमवर, म्हणजे माझ्यावर, सोडतात. तुम्हाला हे सगळं तोंडपाठ आहे, मी कशाला समजावून सांगून राह्यले.

तुमच्या त्या सिनेमापासून सुरू करते, कारण सगळं तिथूनच सुरू झालं. बारावीत होते मी. जाफराबादच्या कुण्या ओळखीच्याकडून तुम्ही सीडी आणली होती. शाळेच्या कॉम्प्युटरच्या खोलीत आठ डबे होते, त्यातला एकच चालायचा. त्याच्यासमोर आम्ही सगळ्या, एका स्टुलावर दोघी दोघी, बाकीच्या खाली फरशीवर. पिक्चर इंग्रजी. आम्हाला इंग्रजी येत न्हाई, आणि खरं सांगायचं तं तुम्हालाही बेताचंच. पण तुम्ही माऊस हातात धरून बाजूला उभे राहिलात आणि अख्खा सिनेमा आमच्या भाषेत बोलून काढला. गोरा म्हातारा, त्याची बायको, मॅनेजर, पोलीस, सगळ्यांचे आवाज तुमचेच. बायकोच्या वेळी तुम्ही आवाज बारीक केलात तेव्हा आम्ही फरशीवर लोळलो होतो. हे मी विसरले असते तं बरं झालं असतं. राग करायला सोपं गेलं असतं.

तो सीन अजूनही मला जसाच्या तसा दिसतो. एक म्हातारा कॅचर आहे, मारणाऱ्याच्या मागं बसून चेंडू झेलणारा. म्हातारा म्हणजे चाळिशीचाच, पण त्या खेळात तेवढा माणूस म्हातारा. वर्षानुवर्षं प्लेटीमागं उकिडवा बसून गुडघे गेलेत. हा त्याचा शेवटचा सीझन. सिनेमाभर तो एका मोठ्या फटक्याची वाट बघून राह्यला आणि तो फटका काही बसत न्हाई. आता शेवटची मॅच, शेवटचा डाव, दोन्ही टीम बराबरीत, आणि त्यांचा एक नवखा पोऱ्या दुसऱ्या बेसवर उभा. सगळं स्टेडियम म्हाताऱ्याचं नाव घेऊन ओरडून राह्यलंय. बायको वर बसलेली, दोन्ही हात तोंडावर. हा येतो, खाली वाकून माती हाताला चोळतो, उभा राहतो. चेंडू येतो. आणि हा बाबा स्लगर, म्हणजे बॅट, फिरवतच न्हाई. आडवा धरतो नुसता, दाराला कडी घालावी तसा. यालाच बंट म्हणतात. चेंडू दोन पावलांवर पडतो आणि तिथंच मरतो. म्हातारा त्या गेलेल्या गुडघ्यांवर पळतो, पहिल्या बेसला एका पावलानं आऊट होतो. पण तेवढ्या वेळात नवखा तिसऱ्या बेसवर जाऊन पोचलाय.

मंग तो परत येतो. कुणी टाळी वाजवत न्हाई. बाकड्यावर बसलेले त्याचे खेळाडू त्याच्याकडं बघतही न्हाईत, सगळे मैदानाकडं बघतात. फक्त जरा जरा सरकतात, आणि मधोमध एका माणसापुरती जागा होते. तो तिथं बसतो. बस, एवढंच. पुढं ते जिंकतात, पण ते काय, सगळ्याच सिनेमांत जिंकतात. माझा जीव त्या सरकण्यावर आहे. एवढं मोठं स्टेडियम, एवढे दिवे, आणि सगळी जादू त्या वीतभर जागेत.

तुमचा जीव मात्र दुसऱ्याच गोष्टीवर होता. म्हातारा बसला की त्याचा प्रशिक्षक येऊन काहीतरी विचारतो, आणि तो एका शब्दात उत्तर देतो. तिथं तुम्ही सिनेमा थांबवलात. मागं नेऊन तीनदा दाखवलंत. तुमचा आवाज भरून आल्ता. तुम्ही आम्हाला सांगितलंत की प्रशिक्षक म्हणून राह्यला, शाब्बास, माझी खूण पाळलीस, आणि म्हातारा म्हणतो, तुमच्याच शब्दाखातर, सर. मंग आमच्याकडं वळून म्हणालात की पोरींनो, याला म्हणतात खेळाडू. स्वतः आऊट होतो, पण दुसऱ्याला पुढं काढतो. बाहेर आल्यावर आम्ही सगळ्याच जणी भारावून गेल्तो. मी तर जास्तच.

आता माझं खाल्ल्या मिठाचं पण सांगते, न्हाईतर म्हणाल पोरगी उपकार विसरली. मी डावखुरी. शाळेतले सगळे ग्लोव्ह डाव्या हातात घालायचे, माझ्या कामाचा एकही न्हाई. वर्षभर मी ग्लोव्ह उलटा घालून चेंडू झेलला आणि अंगठा दोनदा सुजवला. तुम्ही न सांगता शहरात गेलात आणि उजव्या हाताचा ग्लोव्ह घेऊन आलात, वर्तमानपत्रात गुंडाळून. युरियाच्या पोत्यांत माती भरून बेस तुम्ही केलेत, फक्कीच्या रेषा तुम्ही मारल्यात, वस्तीतल्या आईबापांना घरोघर जाऊन तुम्ही पटवलंत की पोरी हाफ पँट घालून पळाल्या तर आभाळ कोसळत न्हाई. हे सगळं खरं आहे. त्यामुळंच तर जास्त संताप येतो. नालायक माणसानं केलं असतं तर मी दोन दिवस शिव्या देऊन विसरले असते.

आणि तुमच्या त्या खुणा! नाकाला हात लावला की बंट. जालन्याला जिल्ह्याच्या मॅचला तुम्ही नाकाला हात लावलात, मी बघितलाही. पण चेंडू इतका सरळ आल्ता की माझ्यानं राहवलं न्हाई, मी सणकून मारला. दोघींचे रन झाले, आपण जिंकलो. पोरींनी मला उचलून घेतलं. तुम्ही मला खाली उतरवलंत आणि त्या उन्हात मैदानाला दहा चकरा मारायला लावल्यात. परत येताना जीपमध्ये तुम्ही माझ्याशी एक अक्षर बोलला न्हाईत. उतरल्यावर एवढंच म्हणालात की खूण मोडली की टीम मोडते. मी घरी जाऊन रडले, आणि वर स्वतःलाच बोल लावला. तुम्ही मला तसंच तयार करून राह्यले होतात, हे तेव्हा कुठं कळत होतं.

मंग विभागाची मॅच जिंकली आणि राज्याचं तिकीट मिळालं. राज्याला मेडल म्हणजे काय ते वस्तीतल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. पोलीस भरतीत खेळाडूंच्या राखीव पाच टक्क्यांत नाव लागतं. मला पोलीस व्हायचं होतं. दुसरं काही व्हायचा विचारच केला नव्हता मी. आणि बराबर त्या आठवड्यात तुम्ही आमच्या घरी आलात. बुधवार शोधून आलात. बुधवारी बाबा टेंभुर्णीच्या बाजाराला जायचे, हे तुम्हाला माहीत होतं. बाबा घरी असते तं त्यांनी दोन प्रश्न विचारले असते.

आई चुलीपुढं भाकरी थापून राह्यलेली. तुम्ही पाटावर बसलात, भिंतीला टेकून. चहा घेतलात. ताकाला जाऊन भांडं लपवतात तसं आधी पावसाचं, मंग माझ्या धाकट्या भावाच्या अभ्यासाचं, मंग विहाराच्या रंगकामाचं बोललात. मी दारात उभी, मला वाटलं प्रवासाचं सांगायला आलेत. मंग चहाची बशी खाली ठेवून, माझ्याकडं न बघता, तुम्ही बोललात. आपल्या शाळेच्या अध्यक्षांच्या पुतणीचं नाव यादीत घालावं लागून राह्यलंय. एक नाव काढावं लागल.

"दुसऱ्या कुण्या पोरीच्या घरी गेलो तं उद्या गावभर बोंब होईल बाळा. तू आपली हाईस. ह्या टायमाला तू बंट मार."

आईनं भाकरी उलटली. ती म्हणाली की सर म्हणतेत म्हणल्यावर बराबरच असल. आणि मी, सर, मी म्हणाले, "बरं सर." एवढंच न्हाई, मला अभिमान वाटला. खरंच वाटला. त्या म्हाताऱ्या कॅचरसारखं मलाही निवडलंय, असं वाटलं. तुम्ही गेल्यावर आई म्हणाली की सरांचे डोळे ओले होते. मला तेव्हा त्याचंही कौतुक वाटलं. आता वाटतं, माणसाला लाज वाटत असली तरी डोळे ओले होतात.

दोन दिवसांनी तुम्ही माझी जर्सी मागून नेलीत आणि परत घेऊन आलात. पुतणीला ती बाजूनं घट्ट होत होती. आमच्या आईकडं शिलाई मशीन होती ना. माझ्याच आईनं माझी जर्सी दोन्ही बाजूंनी उसवून, तुकडा लावून, दुसरीच्या मापाची करून दिली. टीम गेली. मी तो आठवडा कापूस वेचायला गेले. पुतणी सगळे दिवस मैदानाबाहेर खुर्चीवर बसली होती म्हणे, टोपी घालून. पोरी मेडल घेऊन आल्या. कुणी सरकून मला जागा दिली न्हाई, कारण मी बाकड्यापर्यंत गेलेच नव्हते.

पुढचं तुम्हाला अर्धं माहीत आहे, अर्धं मी सांगते. भरतीला गेले. मैदानी परीक्षेत माझ्या पुढं एकही पोरगी नव्हती, लेखीत थोडक्यात गेलं. पाच टक्क्यांत असते तं लागले असते. अजून दोनदा गेले, मंग वय गेलं. मंग बी.पी.एड. केलं आणि तुमच्यासारखी शिट्टी गळ्यात घातली. त्या पुतणीचं लग्न मला त्या स्पर्धेनंतर वर्षाच्या आतच बघायला मिळालं. रुखवत मांडलेलं होतं. लोकरीची बाहुली, मण्यांचा बैल, साखरेचा गणपती, आणि त्या सगळ्यांच्या मधोमध फ्रेम केलेलं राज्याचं सर्टिफिकेट. बाया वाचून म्हणत होत्या, पोरगी खेळात पण हुशार हाय बरं. तिनं ते सर्टिफिकेट आयुष्यात कुठं वापरलं न्हाई. नोकरीच करायची नव्हती तिला. तिचा काही दोष न्हाई, ती बिचारी मला बघून अवघडली आणि तिनं मला दोनदा जेवायचा आग्रह केला. मी जेवले.

आणि तुम्ही? तुम्ही सहा वर्षं बिनपगारी राबत होतात. तुमच्या नोकरीच्या मान्यतेची फाईल अध्यक्षांच्या टेबलावर पडून होती, हे सगळ्या शाळेला माहीत होतं. त्या स्पर्धेनंतर महिन्याभरात तुमची मान्यता आली. पेढे वाटलेत. आमच्या घरी पेढ्याचा पुडा स्वतः घेऊन आलात. आता मला कळतं की तुमच्यावर केवढा दाब होता, घरात दोन पोरं होती, बायको आजारी होती. कळतं, पण माफ होत न्हाई. अध्यक्षांनी तुम्हाला माझं नाव सांगितलं नव्हतं ना? फक्त एक नाव काढा म्हणाले. सोळा जणींत पाटलांच्या होत्या, दुकानदाराची होती, दोघी तिघी नुसत्या बाकड्यावर बसणाऱ्या होत्या. तुम्ही पहिल्या नंबरला खेळणारी काढलीत, कारण तिच्या घरी भांडण होणार नव्हतं. आपलेच दात, आपलेच ओठ. "तू आपली हाईस" याचा तुमच्या तोंडी अर्थ एवढाच होता की तुला विकलं तर आवाज होत न्हाई. वस्तीत तुम्ही भाषणं करायचात की मान खाली घालून हो म्हणायचे दिवस गेले. आणि स्वतःच येऊन आमच्या चुलीपुढं बसून मला मान खाली घालायला शिकवून गेलात.

तुम्ही अचानक गेलात, छातीत कळ येऊन. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला मी आले होते. माणसं उठून उठून तुमच्या त्यागावर बोलत होती. मला कुणी बोलायला सांगितलं न्हाई हे बरं झालं. मी मागं उभी राहिले आणि खीर न खाता निघाले.

आता दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. तो सिनेमा मला मोबाईलवर सापडला. खाली इंग्रजी अक्षरं येतात. इंग्रजी आता वाचता येतं मला, तेवढं बी.पी.एड.नं दिलं. तो सीन आला. म्हातारा बाकड्यावर बसला. प्रशिक्षक आला, आणि सर, तो रागात आहे. तो शाब्बास म्हणतच न्हाई. तो विचारतो, हे करायला तुला कुणी सांगितलं? आणि म्हातारा म्हणतो, कुणीच न्हाई. मी मागं नेलं. पुन्हा बघितलं. अजून मागं नेलं, तो प्लेटीवर यायच्या आधीपर्यंत. प्रशिक्षकानं त्याला खूण केलेली आहे, आणि ती खूण मारायची आहे, जोरात मारायची. बंट कुणी सांगितलाच नव्हता. तो त्याचा स्वतःचा होता, म्हणून तर बाकडं सरकतं. कुणाच्या सांगण्यावरून आऊट झालेल्या माणसासाठी कुणी सरकत न्हाई. मी मोबाईल उलटा ठेवला. तुम्हाला इंग्रजी समजलं नव्हतं, की समजूनच तुम्ही आम्हाला तसं सांगितलंत? हे विचारायला तुम्ही राहिला न्हाईत. सगळ्यात जास्त राग मला त्याचाच आहे.

आज सकाळची प्रार्थना झाल्यावर मी आमच्या शॉर्टस्टॉपला, दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मधे उभी राहते तिला, खोलीत बोलावलं. कापसाच्या जिनिंगवर हमाली करणाऱ्या माणसाची पोरगी. सगळ्यात चपळ. तिच्या घरचं कुणी शाळेत भांडायला येणार न्हाई. बघा, मीही बराबर शोधून काढली. माझीही मान्यता अजून यायची आहे. मी तिला खुर्चीवर बसवलं, टीमचं बोलले, पुढच्या वर्षीचं बोलले, मंग अध्यक्षांच्या फोनचं. ती ऐकत होती. तिनं मान खाली घातली न्हाई.

"मॅडम, नाव काढायचं तं तुम्ही काढा. मला हो म्हणायला लावू नका."

मंग ती उठता उठता म्हणाली की घरी विचारलं तं मी सांगीन, मॅडमनी काढलं म्हणून. उद्धटपणानं न्हाई, साध्या आवाजात, उद्या सुट्टी आहे का विचारावं तशी. आणि वर्गात निघून गेली. सतरा वर्षं मी शोधून राह्यले होते की त्या चुलीपुढं मी काय म्हणायला पाहिजे होतं. तिला ते उभ्या उभ्या सुचलं.

मध्ये उठले होते. यादी भरून आले. सोळाच्या सोळा पोरी, ज्या खेळल्या त्याच. अध्यक्षांचा फोन दोनदा वाजून गेला, उचलला न्हाई. माझ्या मान्यतेचं काय व्हायचं ते होईल. हे पत्र कुठं टाकणार, तुमच्या घरी आता कुणी राहत न्हाई. शिवाय तुम्हाला वाटायचं, पोरीनं आपल्याला हरवलं, आपल्यापेक्षा बरी निघाली. तसं समजू नका. मी हिंमत केली न्हाई, मी त्या पोरीला भ्याले. ती गप्प राहून मान हलवती तं आत्ता यादीत साडूची पोरगी असती, आणि मी तुम्हाला हे पत्र लिहीत बसले नसते. सकाळी तिला बोलवायच्या आधी तो बाकड्याचा सीन मी मोबाईलवर काढून, आवाज मोठा करून, टेबलावर तयार ठेवल्ता. खालची इंग्रजी अक्षरं बंद केलेली होती.